राउटरमधली पाहुण्यांची वाट

ज्या कुलपाची किल्ली सगळ्या गल्लीकडे असते त्याला कुलूप म्हणत नाहीत, शोभा म्हणतात. साहेब, इंटरनेटची लाइन देताना तुम्ही आमच्या घरात असलीच एक शोभा ठोकून गेलात. गल्लीतल्या एकोणीस घरांत तुमचा तोच डबा आणि तोच पासवर्ड: एक ते आठ आकडे, ओळीनं. (कुणी विसरू नये ही तळमळ. तुमच्या माणुसकीला तोड नाही.) तक्रार केली तर तुमचा माणूस म्हणाला, "बंद करून चालू करा." केलं. पासवर्ड एक ते आठच होता.

परिणामी माझी मुलगी वर्षाराणी हिची नोकरीची ऑनलाइन मुलाखत ऐन 'स्वतःबद्दल सांगा'ला गोठली. त्या वेळी आमच्या लाइनवर फोन सव्वीस. घरात माणसं चार.

मग मी स्वतःच शिकलो. जुन्या कॉम्प्युटरमध्ये केबलचं दुसरं कार्ड बसवलं आणि राउटरचं ओपन सोर्स सॉफ्टवेअर घातलं. म्हणजे ज्याचा कोड जगातला कुणीही वाचू, तपासू, सुधारू शकतो. साहेब लागत नाही. लाइनच्या दोन वाटा केल्या, निम्मी-निम्मी. 'घरचे'ला तेवीस अक्षरी पासवर्ड. 'पाहुणे'ला एक ते आठ, ओळीनं. (पाहुण्याला त्रास कशाला?)

माझी आई बयाबाई म्हणाली, "समद्यांनी मिळून फुकट केलंय न्हवं? मग तू समद्यांपासनं का लपवतोस?" याचं उत्तर अजून कुठल्या मॅन्युअलमध्ये सापडलेलं नाही.

पहिले तपासनीस आले कागलचे गुंडूमामा. त्यांना मी 'पाहुणे'त जोडलं. मामांनी फोन बघितला आणि कपबशी खाली ठेवली.

"कोण पावणं? मी?"

"मामा, ते नुसतं तांत्रिक—"

"तुझ्या बारशाच्या घुगऱ्या खाल्ल्यात मी! आन मला पावण्यात घालतोस व्हय रं?"

आईनं डोळे वटारले. मामा 'घरचे' झाले. मग शेजारी झाले, दूधवाला झाला (अकरा वर्षांचा संबंध), आणि तुमचा तो बंद-करून-चालू-करावालाही झाला. चहा घेतलेला माणूस परका कसा? महिनाअखेरची नोंद: घरचे एकतीस, पाहुणे शून्य. सुरक्षेत तिळभर उणीव नाही. तेवीसच्या तेवीस अक्षरं गल्लीला तोंडपाठ आहेत.

शेवटी वर्षाराणीलाच मी 'पाहुणे'त टाकलं. सख्ख्या लेकीला, तिच्याच घरात. निम्मी लाइन एकटीला! दुसऱ्या कंपनीच्या मुलाखतीची पहिली फेरी लोण्यासारखी झाली. "बाबा, पाहुणचार झकास हाय की!" म्हणाली. दुसरी फेरी सोमवारी अकराला.

ही मोकळी वाट आम्हा दोघांनाच ठाऊक होती. रागाच्या भरात मी ती तुम्हा वाचकांना सांगून बसलो, पासवर्डसकट. आणि तुम्ही मनात म्हणालातही, 'आपल्याला पाहुणा म्हटलेलं चालतंय की.' साहेबांचं मी बघून घेईन. पण पावणं, सोमवारी अकराला तुमचा फोन कुठल्या वाटेवर असणार? उत्तर द्या.