शून्याच्या खाली

डोळ्यांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर बसणाऱ्या ताईंची नोकरी थेंबांवर टांगलेली होती. बाहुली मोठी करणारे थेंब पेशंटच्या डोळ्यांत घालायचे, अर्धा तास बसवायचं, मग डॉक्टरांकडे पाठवायचं. मागच्या आठवड्यात एक आजी इतका वेळ बसून राहिल्या की थेंबांचा असर उतरला.

"ताई, पुन्हा असं झालं तर मला दुसरं माणूस बघावं लागेल," डॉक्टर म्हणाले.

ताईंनी डॉक्टरांना तेव्हा दोनदा आठवण करून दिली होती. पण ते सांगणार कोणाला आणि कसं?

मग डबा खाताखाता व्हिडिओ बघून ताईंनी कॉम्प्युटरवर स्वतःचा टायमर बनवायला घेतला. एक खिडकी, एक बटण, मोठे आकडे. आधी आकडे हलेचनात, मग वाढतच सुटले. अखेर उतरायला लागले तेव्हा त्यांनी घरी फोन केला.

"अहो, आकडे कमी होतायत!"

"मग दुरुस्तीवाल्याला बोलाव की," यजमान म्हणाले.

सोमवारी त्याच आजींच्या डोळ्यांत थेंब घालून ताईंनी बटण दाबलं. कॉम्प्युटरची वायर बाहेर पेशंट बसतात तिथल्या टीव्हीलाही जोडलेली आहे, हे त्या साफ विसरल्या होत्या. बाहेर आकडे भिंतभर उतरू लागले.

"हे शून्यावर आलं की काय होणार?" आजींनी विचारलं. "मला सगळं धूसर दिसतंय. सांगत राहा हो."

शेजारी गणिताचे निवृत्त मास्तर होते. ते सांगत राहिले. नंबर लागलेला एक पेशंटसुद्धा म्हणाला, "थांबा, हे बघून जातो."

शून्य आलं. पिंग वाजलं. ताईंनी आत डोकावून सांगितलं, "डॉक्टर, आजींचे थेंब झाले."

"हो हो," डॉक्टर म्हणाले, आणि फोनवर मेव्हण्याशी फरशीचा रंग ठरवत राहिले.

बाहेर आकडा शून्याखाली घसरला. उणे एक. उणे दोन. आकडा थांबवायचं ताई लिहायलाच विसरल्या होत्या. त्या धावत बंद करायला गेल्या, तर सगळे एका सुरात म्हणाले, "राहू द्या हो."

"आता हे काय मोजतंय, मास्तर?"

"उशीर."

"कोणाचा?"

सगळ्या माना डॉक्टरांच्या दाराकडे वळल्या. तेवढ्यात ते फोन कानाला लावूनच पाणी प्यायला बाहेर आले.

"हे काय चाललंय?"

"तुमचा उशीर, डॉक्टर," आजी प्रेमाने म्हणाल्या. "मला नीट दिसत नाही, पण मास्तर म्हणतात बराच आहे."

डॉक्टरांनी टीव्हीकडे पाहिलं, मग ताईंकडे. "पांढरीच घे," ते फोनमध्ये म्हणाले. "चला आजी, आत या."

त्या दिवशी दवाखाना उजेडातच रिकामा झाला. कुलूप लावताना डॉक्टर घुटमळले.

"ताई, टायमर छान आहे. राहू दे. फक्त ते शून्याच्या खालचं तेवढं काढता येईल का?"

"शिकतेय अजून, डॉक्टर," ताई पर्स उचलत म्हणाल्या. "थांबवायचा धडा बराच पुढे आहे म्हणतात."

तो धडा त्यांनी दुपारीच बघितला होता. एका ओळीचं काम होतं.