पायाखालची वाट

वेळेवर निघणारा माणूस वेळेवर पोहोचतोच, हे जगातलं एक सनातन सत्य आहे. नव्या साहेबांनी हजर झाल्या दिवशीच ते सगळ्या ऑफिसला उभं करून ऐकवलं. साहेबांचं बिऱ्हाड ऑफिसच्या वरच्याच मजल्यावर होतं.

सत्य सांगून झाल्यावर त्यांनी शिक्षाही सांगितली. यापुढे बसची सबब चालणार नाही, आणि ज्यांना उशिराची सवय जडली आहे ते आणखी एकदा उशिरा आले, तर त्यांची बसायची जागा काढून घेतली जाईल. हे बोलताना साहेबांनी कोणाकडेही पाहिलं नाही, फक्त खिडकीकडे पाहिलं. खिडकीशी आवकजावक बसत.

आवकजावकांना घरचं एक नाव होतं. पण येणाऱ्या-जाणाऱ्या टपालाच्या टेबलावर इतकी वर्षं काढल्यावर ते ऑफिसात कोणाच्या लक्षात राहिलं नव्हतं. त्या वर्षांत त्यांनी दारापासून पंख्याखाली, पंख्याखालून कपाटाआड आणि कपाटाआडून खिडकीपाशी अशी मजल मारली होती. त्यांच्या नोकरीतली प्रगती ती एवढीच. खिडकीतून वारा येई, झाडाची एक फांदी दिसे, आणि पाठीमागे येऊन कोणाला उभं राहता येत नसे. हिशेबनीस त्या जागेवर कधीपासून टपून होते. ते सायकलनं येत, सगळ्यांच्या आधी येत आणि आवकजावक उगवेपर्यंत "जरा वारा घेतो" म्हणून त्यांच्याच खुर्चीत बसून राहत.

त्यामुळे दुसऱ्या दिवशी आवकजावक नेहमीच्या आधीची बस धरायला निघाले.

"अहो, डबा," बायको म्हणाली.

"घेतला."

"तो कालचा, रिकामा. भरलेला इथं आहे. डोकं अजून उशीवरच आहे का तुमचं?"

डबा बदलून ते थांब्यावर आले. आधीची बस आलीच नाही. तिची वेळ टळल्यावर नेहमीच्या बसची वेळ झाली, तीही टळली, आणि मग एक बस आली. ती आधीची की नेहमीची, हे तिलाही ठाऊक नसावं.

पहिल्याच चौकात बस थांबली आणि ड्रायव्हरनं मान मागे वळवली.

"डावीकडे का उजवीकडे?"

देवानं भक्ताला पत्ता विचारावा, तसं काहीसं झालं.

"तुम्हाला माहीत नाही?" पहिल्या बाकावरच्या नर्सबाई म्हणाल्या.

"मी या रूटचा नाही, ताई. इथला रजेवर गेलाय. सकाळी मला डेपोतून उचलला आणि या बसवर बसवला."

"मग कंडक्टरला विचारा."

"रस्ता हे त्यांचं खातं," कंडक्टर म्हणाला. "माझं खातं तिकिटाचं. पुढे व्हा, पुढे व्हा."

नर्सबाई म्हणाल्या डावीकडे, कारण डावीकडे हॉस्पिटल होतं. दाराशी उभा असलेला शिंपी म्हणाला उजवीकडे, कारण उजवीकडे त्याचं दुकान होतं. एका निवृत्त मास्तरांनी, "पूर्वी मुळात इथं चौकच नव्हता," अशी सुरुवात केली. मागे हॉर्न वाजू लागले. आवकजावकांनी घड्याळ पाहिलं, डबा काखोटीला मारला आणि ते ड्रायव्हरच्या पाठीशी जाऊन उभे राहिले.

"सरळ घ्या."

"सरळ तर कोणीच म्हणालं नाही."

"म्हणून तर सांगतोय. रोज सरळच जाते ही."

बस सरळ गेली आणि पुढचा थांबा खरोखरच आला. आवकजावकांचा बसमध्ये दबदबा बसला. "आता डावीकडे", "इथं जरा दाबा", "हा थांबा सोडला तरी चालतो, इथं कोणी चढत नाही", असं ते बोलत गेले आणि बस ऐकत गेली. ऑफिसात त्यांचं इतकं कोणी ऐकलं नव्हतं. घरचा तर प्रश्नच नव्हता.

मग खणलेला रस्ता आला. तो कालही खणलेला होता, पण काल अर्धाच होता. आज उरलेला अर्धा खणून काम पूर्ण करण्यात आलं होतं. पुढे गाड्यांची रांग लागली होती आणि रांगेतले लोक इंजिन बंद करून बाहेर उभे होते.

"काका, दुसरा रस्ता आहे का?" ड्रायव्हरनं विचारलं.

आवकजावकांच्या डोळ्यांसमोर हिशेबनीस वारा घेत बसलेले दिसू लागले.

"आहे," ते म्हणाले. "त्या औषधाच्या दुकानाशेजारून आत घ्या. थेट आमच्या ऑफिससमोर निघतो. बसमधून उतरलो की रोज तिथूनच जातो मी."

"नक्की ना?"

"पायाखालची वाट आहे. डोळे मिटून जाईन."

यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं.

बस गल्लीत शिरली. कंडक्टरनं बाहेरचे आरसे आत दुमडले. एका बाईंनी गॅलरीतून वाळत घातलेली चादर ओढून घेतली. ओढताना ड्रायव्हरचा आणि त्यांचा जो संवाद झाला त्यात दोघांच्याही खानदानांचा उल्लेख आला. मग गल्लीनं शेवटचं वळण घेतलं आणि समोर पायऱ्या आल्या.

ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं.

"हे काय?"

"पायऱ्या," आवकजावक म्हणाले.

"ते दिसतंय मला. कधी झाल्या?"

"पूर्वीपासून आहेत," मास्तर मागून म्हणाले.

आवकजावक इतकी वर्षं त्या पायऱ्या रोज चढत होते. वर पोहोचल्यावर धाप लागे. तिचा दोष ते वयाला देत. पायऱ्यांच्या वर ऑफिस होतं. त्यांची खिडकी इथून स्वच्छ दिसत होती. आत्ता पळत सुटलं, तर अजून वेळ गाठता येणार होती. ते हळूच दाराकडे सरकले. दारात शिंपी उभा होता.

"कुठे निघालात?"

"ऑफिस. हे काय, समोरच आहे."

"वा. तुमचं ऑफिस आलं. आमचं काय?"

"तुम्ही आत आणलंत काका, आता तुम्हीच बाहेर काढा," नर्सबाई म्हणाल्या. "माझी तिथं रात्रपाळीची बाई माझ्या नावानं खडे फोडत बसली असेल."

"मागं बघायला माणूस लागेल," ड्रायव्हर म्हणाला आणि त्यानं कंडक्टरकडे पाहिलं.

"माझं खातं तिकिटाचं," कंडक्टर म्हणाला. तरी त्यानं खिशातून शिटी काढून आवकजावकांच्या हातात ठेवली.

आवकजावक उतरून मागे गेले, तर बसच्या मागे आणखी एक बस उभी होती.

"तुम्ही कसे आलात इथं?"

"पुढची शिरली, म्हणून मी शिरलो," दुसऱ्या बसचा ड्रायव्हर म्हणाला. "म्हटलं, रूट बदलला असेल. आम्हाला कोण सांगतंय."

त्याच्यामागे दुधाची गाडी होती, तिच्यामागे दोन रिक्षा आणि शेवटी एक कोरी करकरीत मोटार. प्रत्येकाचा पुढच्यावर विश्वास होता, आणि सगळ्यात पुढच्याचा आवकजावकांवर.

त्यांनी शिटी तोंडात धरली. आधी मोटार मागे घ्यायला लावली. मोटारवाल्याला मागे घेता येत नव्हतं, म्हणून एका रिक्षावाल्यानं ती घेतली. मग रिक्षा, मग दुधाची गाडी, मग गॅलरीतल्या बाईंची समजूत, मग दुसरी बस. "येऊ द्या, येऊ द्या, डावीकडे दाबा, अहो तुमची डावी." घामानं सदरा पाठीला चिकटला. मध्येच त्यांनी मान वर केली. त्यांच्या खुर्चीत बसून हिशेबनीस खाली बघत होते. पुन्हा मान वर केली, तेव्हा शेजारी साहेब उभे होते.

त्यानंतर आवकजावकांनी घाई करणं सोडून दिलं.

शेवटची बस गल्लीबाहेर पडल्यावर नर्सबाईंनी खिडकीतून डोकं काढलं. "काका, उद्या कुठल्या बसला असाल ते सांगून ठेवा. मी दुसरी धरीन."

पायऱ्या चढून, धापा टाकत ते साहेबांसमोर उभे राहिले.

"उशीर झाला," साहेब म्हणाले.

"हो, साहेब."

"बसची सबब?"

"नाही साहेब. बस इथपर्यंत मीच आणली."

"पाहिलं मी वरून. एवढ्या गाड्या, एवढी भांडणारी माणसं आणि मध्ये एकटा माणूस. एकाही गाडीला ओरखडा नाही."

"साहेब, पण ते सगळं माझ्यामुळेच..."

"कारणं मला सांगू नका. मी निकाल बघतो. असा माणूस पाकिटांवर शिक्के मारण्यात वाया घालवणं बरोबर नाही. आजपासून ऑफिसचा वाहन विभाग तुमच्याकडे."

उशीर माफ झाला. ऑफिसनं टाळ्या वाजवल्या. हिशेबनिसांनीही वाजवल्या, बसल्या जागेवरून. आवकजावकांना भरून आलं. त्यांनी घरी फोन लावला.

"बढती झाली. वाहन विभागाचा प्रमुख."

"तुम्ही?" बायको म्हणाली. "बरं झालं हो. बसता कुठे आता?"

वाहन विभाग तळघरात आहे. तिथे खिडकी नाही.