रजई पांघरलेली गाडी

गाडी भाड्याने घेताना माणूस चाकं बघतो, ब्रेक बघतो, फार तर टाकीत तेल किती आहे ते विचारतो. चष्मेवाल्यांनी मात्र खिशातून भिंग काढलं आणि ते गाडीच्या दाराला डोळा लावून उभे राहिले.

"इथे एक चरा आहे," ते म्हणाले.

"असेल," गाडीवाला म्हणाला. तो खुर्चीत बसून चहा पीत होता.

"असेल नाही, आहे. फोटो काढून ठेवतो. नंतर आमच्या नावावर नको."

"अहो साहेब, ही गाडी दगडधोंड्यांतून न्यायलाच ठेवलीय. चारही चाकांना जोर आहे तिच्या. ओरखडे पडायचेच. मी कोणाला विचारतसुद्धा नाही."

"तुम्ही नाही विचारणार हो. पण माझं मन मला खाईल, त्याचं काय?"

गाडीवाल्याने चहाचा आणखी एक घोट घेतला. चष्मेवाल्यांचा जन्म काचा घासण्यात गेला होता आणि ओरखडा या गोष्टीची त्यांनी आयुष्यभर धास्ती घेतली होती. दुकानात एखाद्या काचेवर केसाएवढी रेघ उमटली तर त्यांना जेवण जात नसे. घरीही तेच. टीव्हीचा रिमोट घेतला त्या दिवसापासून प्लॅस्टिकच्या पिशवीत होता. सोफ्यावर जाड प्लॅस्टिक होतं आणि पाहुणे गप्पा मारता मारता हळूहळू पुढे घसरत. सोफ्याचा खरा रंग कोणता, हे त्यांच्या बायकोलाही नीट ठाऊक नव्हतं.

ही बायको शाळेत भूगोल शिकवायची, त्यामुळे घरीदारी सगळे तिला बाईच म्हणत. या घटकेला बाई गळ्यात दुर्बीण अडकवून फाटकाशी उभ्या होत्या आणि नवऱ्याला गाडीच्या पोटाखाली शिरताना बघत होत्या.

"अहो, तो उडून जाईल," त्या म्हणाल्या.

तो म्हणजे काळा करकोचा. बाईंना पक्ष्यांचं वेड होतं आणि वहीतल्या यादीतले बाकी सगळे पक्षी त्यांचे बघून झाले होते, फक्त हा काळा करकोचा राहिला होता. लाल चोच, लाल पाय, अंगावर काळा झगा आणि अतिशय लाजाळू. थंडीत थोडे दिवस लांबच्या एका तळ्यावर त्यांचा थवा उतरे, आणि नेमक्या त्याच दिवसांत शाळेत परीक्षा असत. त्यात दुष्काळात तेरावा महिना म्हणजे धाकटी जाऊ. तिला कावळा आणि कोकिळेतला फरक कळत नव्हता. पण ती नवऱ्याबरोबर कुठेतरी फिरायला गेली, गॅलरीत केस वाळवत उभी राहिली, आणि काळा करकोचा समोर येऊन बसला. "तो लाल पायांचा ना? हो, दिसला की," ती दर जेवणाच्या पंगतीला सांगे. "बराच वेळ बसला होता बाई. शेवटी मीच कंटाळून आत गेले."

हे ऐकून बाई वाटीतली आमटी नुसतीच ढवळत बसत.

यंदा कधी नव्हे ती रजा मिळाली होती. तळ्यावरच्या पहारेकऱ्याने फोनवर सांगितलं होतं की थवा गेला, एकटा करकोचा मागे राहिलाय. पंखाला काही झालं होतं, पण आता बरा आहे, आज-उद्या जाईल. तळ्याकडे जाणारा रस्ता कच्चा, साध्या गाड्या रुतून बसतात. म्हणून ही चार चाकांच्या जोराची गाडी.

गाडीचं दर्शन आटोपून चष्मेवाले एकदाचे आत बसले. बाईंना चपला काढून बसावं लागलं. डांबरी रस्ता होता तोवर सगळं मजेत चाललं. मग डांबर संपलं, पुढे लाल माती, दगड आणि दोन्ही बाजूंनी वाकलेली काटेरी झुडपं दिसली, आणि चष्मेवाल्यांनी गाडी बंद केली.

"इथून चालत जाऊ या," ते म्हणाले.

"मग गाडी कशाला घेतली?"

"इथपर्यंत यायला."

"इथपर्यंत बस येते."

चष्मेवाल्यांनी झुडपांकडे पाहिलं. एकेक काटा दाभणाएवढा. "अगं, दोन्ही बाजू सोलून निघतील गाडीच्या. तू एक काम कर. पुढे चाल आणि फांद्या बाजूला धर. मी मागून हळूच आणतो."

बाईंनी कपाळाला हात लावला, पण करकोच्यापुढे इलाज नव्हता. त्या पुढे चालू लागल्या. डावीकडची फांदी धरावी तर उजवीकडची गाडीवर येई, उजवीकडची धरावी तर चष्मेवाले आतून "डावी, डावी" करत. मागून एक अंडीवाला सायकलवर अंड्यांच्या चळती बांधून आला. तो दगड चुकवत, शीळ घालत आरामात पुढे निघून गेला.

"असं नाही जमायचं," चष्मेवाले खाली उतरून म्हणाले. "सामान काढ."

सामानात अंथरूण-पांघरूण होतं, कारण परक्या गादीवर झोपायचं नाही असा त्यांचा नियम होता. दोन रजया, चार चादरी, टॉवेल, तीन पायजमे आणि बाईंची शाल. थोड्याच वेळात ते सगळं गाडीच्या अंगावर चढलं. डाव्या दारांना निळी रजई, उजव्या दारांना फुलाफुलांची, बॉनेटवर चादरी आणि आरशांना एकेक पायजमा. वरून कपडे वाळत घालायच्या दोरीने करकचून आवळलं. दारंही त्यात बांधली गेली, हे बाईंनी दाखवून दिलं.

"मागचं दार आहे की," चष्मेवाले म्हणाले आणि सामानाच्या जागेतून रांगत जाऊन स्टिअरिंगपाशी बसले. बाईही रांगल्या. भूगोलाच्या बाई म्हणून त्यांची जी काही प्रतिष्ठा होती ती वर्गात होती, इथे कोण बघतंय, असा त्यांनी विचार केला.

बघणारा लगेच आला. अंडी पोचवून तो अंडीवाला रिकाम्या चळती घेऊन परत येत होता. त्याने सायकल थांबवली, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि खिडकीशी वाकला.

"गाडीला थंडी वाजतेय का?"

"तुम्ही तुमचं बघा," चष्मेवाले म्हणाले.

"ताप असेल तर फार हलवू नका," अंडीवाल्याने सल्ला दिला आणि तो गेला.

रजयांचं काम मात्र चोख झालं. काटे दुलईत अडकत आणि सुटत. पण आता चष्मेवाल्यांना दगडांची काळजी लागली. दर मोठ्या दगडाशी ते रांगत मागे जात, उतरत, दगड उचलून बाजूला ठेवत आणि पुन्हा रांगत येत. तळ्याचं फाटक दिसलं तेव्हा ऊन चांगलंच चढलं होतं, आणि बॉनेटवरच्या चादरींतून वाफ निघत होती.

पहारेकरी काठी घेऊन धावत आला. "आत काय आहे?"

"आम्ही आहोत," बाई आतून म्हणाल्या.

"आणि धूर कसला?"

"इंजिन जरा तापलंय," चष्मेवाले म्हणाले.

"तापेल नाही तर काय. तुम्ही त्याला पांघरुणात घातलंय. काढा ते पुढचं आधी, पेटेल."

चादरी काढल्या. जळक्या सुताचा वास सुटला. बाई मागच्या दारातून बाहेर पडल्या त्या थेट पहारेकऱ्यासमोर. "करकोचा आहे ना?"

"होता की सकाळी. अगदी इथे, या काठाला. तुम्ही थोडं आधी यायला हवं होतं. आता पलीकडे लव्हाळ्यात गेलाय म्हणतात, नाहीतर गेलाही असेल कायमचा."

बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. बाईंचे डोळे भरून आले होते आणि त्यांनी ते पुसलेही नाहीत. "तुम्ही गाडी सांभाळा," त्या म्हणाल्या. "वर्षानुवर्षं मी वस्तू सांभाळायला तुम्हाला मदत केली. आज मला एक पक्षी बघायचा होता. एक." आणि त्या लव्हाळ्याच्या दिशेने तरातरा निघून गेल्या.

चष्मेवाल्यांना फार वाईट वाटलं. वाईट वाटलं की ते काहीतरी पुसायला घेत. दुकानातली काचा पुसायच्या औषधाची बाटली आणि मऊ फडकं त्यांच्या खिशात असायचंच. इंजिन निवल्यावर त्यांनी समोरची काच पुसली, मग बॉनेट पुसलं, आणि बाई येईनात म्हणून बॉनेट पुन्हा पुसलं. शेवटी त्यात आकाश दिसायला लागलं, ढगसुद्धा. मग वारा सुटला, धूळ उडाली, आणि ते मागच्या दारातून रांगत आत जाऊन स्टिअरिंगमागे बसले.

तेवढ्यात वरून एक सावली आली. लाल पाय, लाल चोच, काळा झगा. पहारेकरी फाटकाशी उघड्यावर उभा होता, तिकडे तो पक्षी फिरकला नसता. पण ही फुलाफुलांची गाडी त्याला गाडी वाटलीच नसावी. तो बॉनेटवर उतरला, दोन पावलं चालला आणि त्याने खाली पाहिलं. खाली दुसरा करकोचा होता. एकटा राहिलेला पक्षी, त्याला सोबती भेटल्याचा आनंद झाला की शत्रू दिसल्याचा राग आला, देव जाणे. त्याने मान वर केली आणि चोच हाणली.

टक.

चष्मेवाले सीटच्या कडेला सरकले.

टक. टक. प्रत्येक टकेला रंगाचा एकेक टवका उडत होता. वरून पायांची नखं पत्र्यावर कर्र करून घसरत होती, आणि तो आवाज चष्मेवाल्यांच्या दातांत जात होता. हाताशी हॉर्न होता. एकदा वाजला असता तर करकोचा उडाला असता तो पुन्हा या तळ्याचं नाव घेता ना.

आणि पक्ष्याच्या पलीकडे, झुडपाच्या आडोशाला, त्यांना बाई दिसल्या. त्या लव्हाळ्यातून परत येत होत्या त्या तिथेच गुडघ्यांवर बसल्या होत्या. दुर्बीण डोळ्याला होती. तिच्याखाली त्यांचं तोंड लहान मुलीसारखं उघडं राहिलं होतं.

टक, टक, टक. काठावर सगळं शांत होतं. हॉर्न काही वाजला नाही.

करकोच्याने मनसोक्त भांडून घेतलं, पंख पसरले आणि तो तळ्यावरून वर, आणखी वर जात दिसेनासा झाला. बाई धावत आल्या. बॉनेटची पार चाळण झाली होती. चष्मेवाले मागच्या दारातून बाहेर आले, त्यांनी ते पाहिलं, मग रडत-हसत उभ्या असलेल्या बायकोकडे पाहिलं.

"जाऊ दे," ते म्हणाले. "पत्राच आहे."

हे वाक्य त्यांच्या तोंडून जन्मात पहिल्यांदा निघालं होतं. बाईंनी त्याच संध्याकाळी जावेला फोन लावला. "अगं, अगदी समोर, बॉनेटवर. आणि यांचा हात हॉर्नवर होता, पण यांनी नाही वाजवला. माझ्यासाठी. डोळ्यांदेखत गाडी फोडू दिली." मग बहिणीला, मग मुख्याध्यापिकांना, मग फाटकावरच्या पहारेकऱ्यालाही. दरवेळी शेजारी बसलेले चष्मेवाले काहीतरी काम शोधून उठत.

उरलेले दिवस ते जणू दुसरेच झाले होते. रजया त्यांनी आपणहून सोडल्या. बाई म्हणतील त्या काट्याकुट्यांतून गाडी घातली, "चपला राहू दे पायात" म्हणाले, खंड्यासाठी ओढ्यात गाडी उतरवली आणि दुर्बिणीची पिशवीही स्वतः वागवली. बाईंनी इतके पक्षी पाहिले की वहीची पानं संपली.

गाडी परत केली तेव्हा चष्मेवाले स्वतःच गाडीवाल्याला पुढे घेऊन गेले. "हे बॉनेट बघा. आमच्याकडून झालंय."

"असू दे हो, तिला सवय आहे," गाडीवाला तिकडे न बघताच म्हणाला. "बरं, एक सांगायचं राहिलंच. तुम्ही दारं बघण्यात गुंतला होतात. हिचा हॉर्न बंद आहे. कुठे अडलं नाही ना?"

चष्मेवाल्यांनी चष्मा काढला आणि पुसायला घेतला. कान लाल झाले होते.

"नाही," बाई शांतपणे म्हणाल्या. "कुठे लागलाच नाही."

दोघं बसच्या थांब्यापर्यंत चालत आले. थांब्यावर चष्मेवाल्यांना राहवेना. "अगं, तुला एक सांगायचंय. त्या दिवशी मी..."

"दोन्ही हातांनी दाबत होतात," बाई म्हणाल्या. "मग कोपराने. मग उठून छातीने. अहो, दुर्बीण होती माझ्याकडे. पक्ष्याच्या मागे तुम्हीच होतात."

"म्हणजे तुला माहीत होतं? मग सगळ्यांना तसं का सांगत सुटलीस?"

"मग तुमची नजर माझ्याकडे गेली आणि तुम्ही हात काढून मांडीवर ठेवलेत. काचेवर टकटक करता आली असती, ओरडता आलं असतं. नाही ओरडलात. तेही दुर्बिणीतून दिसलं मला. मी तेवढंच सांगितलं."

चष्मेवाल्यांनी पुन्हा चष्मा पुसला. मग हळूच म्हणाले, "पण निदान मला तरी सांगायचंस. इतके दिवस माझ्या जिवाला घोर."

"सांगणार होते," बाई दुर्बिणीची पिशवी त्यांच्या खांद्यावर नीट अडकवत म्हणाल्या. "पण तुम्ही इतके छान वागत होतात, म्हटलं सुट्टी संपू दे."