जोगदंडकाकांचं अमेरिकन गाव

आमच्या नवीन जालन्यातले जोगदंडकाका अमेरिकेतल्या एका गावातल्या लोकांबद्दल असं बोलतात, जणू ते लोक इथे जवळच परतूरला राहतात. परवा भाजी घेताना मला म्हणाले, "त्या म्हाताऱ्याचं काही खरं न्हाई. अख्ख्या गावाला चर्चमध्ये नेतो न् स्वतःच्या पोरीशी बोलत न्हाई."

मी घाबरून विचारलं, कोण म्हातारा?

"अरे, तिसऱ्या गाण्यातला."

काका बियाण्यांच्या कंपनीतून निवृत्त झालेत. मुलगा मंगेश कॅनडात असतो. त्याच्या कपाटात कॉलेजच्या दिवसांतली एक कॅसेट सापडली, अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या कुठल्याशा रॉक बँडची. तेव्हापासून काका आठवड्याला एकच गाणं घेतात. आतल्या कागदावर बारीक अक्षरात गाणी छापलेली आहेत, त्यांचा अर्थ डिक्शनरी घेऊन लावतात आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना धरून ऐकवतात.

"बराबर आपल्यासारखंच गाव हाये. कापूस, रेल्वे, न् दिवसभर हॉटेलात बसणारे रिकामे लोक."

"पण गाणारा पुटपुटतो किती, काका."

"मंग? गावातली गोष्ट कोणी बोंबलून सांगतं का? न् गिटार बघ, मधी बोलत न्हाई. नुसती हुंकार देऊन राह्यली."

हे मला पटलं, याचाच मला जास्त राग आला.

गेल्या रविवारी मी काकांच्या घरी असतानाच मंगेशचा फोन आला. पूर्वी हा फोन तब्येत आणि हवापाण्यावर उरकायचा. आता बापलेक चक्क भांडत होते. नवव्या गाण्यातल्या रेल्वेवाल्यानं बायकोला टाकून जायला नको होतं, असं काकांचं म्हणणं. "अण्णा, तो गेलाच नाही, नुसता म्हणतो," मंगेश स्पीकरवर हसत होता. आमचा चहा निवून गेला.

फोन ठेवल्यावर काका एकदम उतरले.

"आता एकच गाणं राह्यलं. ते लावतच न्हाई मी. जुनीच उकरून भांडून राह्यलो. तेबी संपलं तर पोराशी काय बोलू?"

माझ्या डोक्यात प्रकाश पडला. घरात कॅसेट एकच, म्हणून बँडची गाणीही तेवढीच, असं हे गृहस्थ धरून चालले होते.

"काका, या लोकांनी अजून पुष्कळ कॅसेटी काढल्यात."

"पुष्कळ म्हणजे?"

"तुम्हा दोघांना पुरून उरतील."

काकांनी चष्मा काढून पुसला आणि नुकताच ठेवलेला फोन परत लावला.

"मंगेश, मीच हाये. न्हाई, तब्येत बिलकुल बरी. शेवटचं गाणं लावून राह्यलो. फोन ठेवू नको, संगंच ऐकू."