पंचाची नजर आणि मास्तरांचा नंबर

चष्मेवाल्यांच्या मते जगात दोनच प्रकारची माणसं होती. एक, ज्यांना चष्मा लागलाय. दुसरी, ज्यांना चष्मा लागलाय हे अजून कळलेलं नाही. आपण स्वतः या दोन्हींत बसत नाही, याचा त्यांना फार अभिमान. वय अठ्ठावन्न, नाक मोकळं, आणि दुकानाच्या दारात उभं राहून मैदानापलीकडच्या बेकरीच्या पाटीवरचा फोन नंबर घडाघडा वाचून दाखवायची खोड. तो नंबर त्यांना पाठ असल्याचं काही लोक म्हणत, पण लोकांना काय, ते काहीही म्हणतात.

असा माणूस पंच नाही झाला तर कोण होणार? बेकरी विरुद्ध छापखाना हा फुटबॉलचा सामना दरवर्षी व्हायचा आणि तीस वर्षं त्याची शिट्टी चष्मेवाल्यांच्या तोंडात होती. मैदानावरून कोणी ‘पंच, चष्मा लावा’ असं ओरडलं, की ते खेळ न थांबवता ओरडायचे, ‘उद्या दहानंतर या, तुमचाच नंबर काढतो.’

पण गेल्या वर्षी एका गोलवरून बेकरीने छापखान्याला पाव द्यायचा बंद केला आणि छापखान्याने बेकरीच्या पिशव्या उलट्या अक्षरांत छापल्या. तेव्हा समितीचे अध्यक्ष, म्हणजे निवृत्त हेडमास्तर, उभे राहिले आणि म्हणाले, ‘यंदा कॅमेरा बसवायचा. जिथे वाद, तिथे पडद्यावर बघायचं. यंत्र खोटं बोलत नाही.’

‘यंत्राला खरं तरी कुठे बोलता येतं?’ चष्मेवाले उसळले. ‘मास्तर, कॅमेरा खांबाला बांधलेला असतो. पंच पळतो. तीस वर्षांत माझी नजर चेंडूवरून एवढीशी हललेली नाही. हललेली कुणी दाखवली, तर ही शिट्टी त्याच जागी तुमच्या हातात ठेवीन आणि पुन्हा मैदानात पाऊल टाकणार नाही.’

‘इतकं कशाला बोलताय?’ हेडमास्तर म्हणाले. त्यांचा चष्मेवाल्यांवर जीव होता.

‘बोलणार. आणि तुमच्या त्या पडद्याकडे मी ढुंकूनही बघणार नाही. ज्याला मैदानावर दिसत नाही त्याने पडदा बघावा.’

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पण ते कळायला अजून चार दिवस होते.

कॅमेरा सांभाळायला शांत डोक्याचं कोणी हवं होतं. समितीने चष्मेवाल्यांच्याच मुलीला विचारलं. ती हॉस्पिटलात एक्स-रे काढायची. दिवसभर लोकांना ‘श्वास रोखा, हलू नका’ सांगून तिच्या तोंडून जास्तीचा शब्द निघेनासा झाला होता. चष्मेवाले मनातून खूश झाले. घरचंच पोर आहे, बापाचं नाक कापणार नाही.

‘मैदानावर मी कुणाची मुलगी नाही हं, बाबा,’ ती सामन्याच्या दिवशी सकाळीच म्हणाली.

‘मीही कुणाचा बाप नाही,’ चष्मेवाले म्हणाले आणि जेवताना दोघं एकमेकांशी अगदी परक्यासारखी वागली. बायकोने दोघांनाही ‘काय वाढू, पाहुणे?’ असं विचारलं.

सामना चार वाजता सुरू झाला. विसाव्या मिनिटाला बेकरीच्या भट्टीवाल्याने लांबून चेंडू हाणला. तो गोलच्या वरच्या दांड्यावर आपटला, खाली रेषेजवळ पडला आणि उसळून बाहेर आला. छापखान्याचा गोलकीपर, जो त्यांचा कप्तानही होता आणि एरवी पुस्तकं बांधायचा, त्याने तो पोटाशी धरला. चष्मेवाल्यांनी शिट्टी फुंकून हात वर केला. गोल!

‘कसला गोल?’ बाइंडर चेंडू घेऊनच धावत आला. ‘रेषेच्या अलीकडे पडलाय. पडदा बघा.’

‘तुम्ही बघा. मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय.’ असं म्हणून चष्मेवाले पडद्याकडे पाठ करून, हाताची घडी घालून उभे राहिले.

तंबूत टेबलावर टीव्ही होता. हेडमास्तर, दोन्ही संघ आणि मिळून साठ-सत्तर माणसं आत घुसली. मुलीने बटण दाबून चेंडू रेषेजवळ हवेत थांबवला.

‘सांग बाळ,’ हेडमास्तर म्हणाले, ‘गोल आहे का?’

‘ते मी नाही सांगू शकत, सर.’

‘का?’

‘मी फक्त फोटो काढते. निदान डॉक्टर करतात. आम्हाला पेशंटला काही सांगायची परवानगी नसते.’

‘अगं, इथे पेशंट कोण आहे?’

मुलीने बाइंडरकडे बघितलं. तो खरंच आजारी दिसत होता.

खूप समजावलं, पण ती ऐकेना. नियम म्हणजे नियम. बापावर गेली होती. शेवटी गर्दीतून एक डॉक्टर शोधून आणले. ते दातांचे निघाले. त्यांनी सवयीने खिशातून छोटी बॅटरी काढून पडद्यावर मारली आणि बाइंडरला विचारलं, ‘थंड लागलं की दुखतं का?’ मग बराच वेळ बघून म्हणाले, ‘वरून ठीक वाटतंय. पण आतपर्यंत गेलंय का, हे सांगायला अजून एक फोटो लागेल. आठ दिवसांनी दाखवा.’

‘मीच बघतो,’ हेडमास्तर वैतागून पुढे झाले. त्यांनी पडद्याला नाक लावलं, मग दोन पावलं मागे आले. ‘अलीकडे आहे. नाही, पलीकडे. हे पांढरं काय आहे, चेंडू?’

‘तो माझा मोजा आहे,’ बाइंडर म्हणाला.

चष्मेवाल्यांची पाठ हे सगळं ऐकत होती. आता तिला राहवेना. ते पडद्याकडे न बघता, तिरके तिरके चालत तंबूत शिरले आणि हेडमास्तरांचा दंड धरून त्यांना उन्हात घेऊन आले.

‘मास्तर, ती कुंपणावरची माझी जाहिरात दिसते? पहिली ओळ वाचा.’

‘चष्म्याचं दुकान.’

‘दुसरी.’

‘सकाळी दहा ते आठ.’

‘तिसरी?’

हेडमास्तरांनी डोळे बारीक केले. ‘सोमवारी बंद?’

‘तिसऱ्या ओळीत माझा फोटो आहे.’

चष्मेवाले एका खुर्चीवर चढले.

‘ऐकलंत? हे तुमचे निकाल देणारे डोळे! अहो, पडदा कितीही मोठा आणा, बघणारा शेवटी माणूसच ना? कॅमेरा चांगला आहे की वाईट, हा वादच नाही. दिसतंय कुणाला, हा वाद आहे. ज्याला ज्याला त्या पडद्यावर निकाल द्यायचाय, त्याने आधी इथे येऊन डोळे तपासून घ्यावेत!’

आव्हान कुणी नाकारेना. आधी समितीचे लोक आले, मग बाइंडर, मग भट्टीवाला, आणि मग फुकट आहे म्हटल्यावर गाव लोटलं. चष्मेवाल्यांनी बायकोला हाक मारून दुकानातली भिंगांची पेटी मागवली. खुर्ची गोलच्या तोंडाशी मांडली. ‘आता स्पष्ट की आधी स्पष्ट? हे की ते?’ असं सुरू झालं. बायको वही घेऊन नावं लिहायला बसली. रांग कोपऱ्याच्या झेंड्याला वळसा घालून गेली. खेळाडूंचं अंग गार पडलं, तशी त्यांनी रांगेतच उड्या मारायला सुरुवात केली. भट्टीवाल्याला दोन्ही डोळ्यांनी वेगवेगळं दिसत असल्याचं निघालं. ‘मग मी मारला कुठल्या गोलमध्ये?’ तो घाबरून विचारू लागला.

समितीच्या सात जणांपैकी सहा जणांना लांबचं दिसत नव्हतं. सातव्याला दिसत होतं, पण त्याला फुटबॉल कळत नव्हता.

एवढ्यात साडेपाच झाले. साडेपाचनंतर मैदान ड्रायव्हिंग स्कूलचं. तीन गाड्या आत आल्या, त्यातली एक शिकाऊ बाईंनी थेट गोलच्या तोंडाशी आणून बंद पाडली. मग घाईघाईत समितीने ठराव केला, की तपासणाऱ्यांचीच तपासणी बाकी असल्यामुळे पंचाचा निर्णय तूर्त कायम. शनिवारी नवे चष्मे आल्यावर अध्यक्ष तोच फोटो पुन्हा बघतील आणि अखेरचं काय ते सांगतील. मग पुढच्या दहा मिनिटांत गाड्या चुकवत जेवढा झाला तेवढा सामना झाला. बेकरी एक, छापखाना शून्य.

चष्मेवाले छाती काढून घरी आले. ‘बघितलंस?’ ते बायकोला म्हणाले. ‘एका कॅमेऱ्याला कसं चारी मुंड्या चीत केलं!’

‘एकवीस चष्मे आहेत करायचे,’ बायको वही मिटत म्हणाली.

मुलगी मोबाइल घेऊन समोर बसली होती. ‘बाबा, तुम्ही तो फोटो बघितलात?’

‘नाही. आणि बघणारही नाही.’

‘बघा.’

तिच्या आवाजात ‘हलू नका’ होतं. चष्मेवाल्यांनी बघितलं. चेंडू रेषेच्या चांगला वीतभर पलीकडे होता. शंभर टक्के गोल! त्यांच्या तोंडावर हसू फुटणार, एवढ्यात त्यांना फोटोच्या उजव्या कोपऱ्यात एक माणूस दिसला. काळी चड्डी, गळ्यात शिट्टी, आणि गोलकडे चक्क पाठ. तो प्रेक्षकांच्या पहिल्या रांगेतल्या औषधवाल्याकडे टक लावून बघत होता.

चष्मेवाल्यांना सगळं आठवलं. औषधवाला बारा वर्षं त्यांचं गिऱ्हाईक. आणि त्या दिवशी त्याच्या नाकावर सोनेरी काडीचा नवा चष्मा होता, जो त्यांनी बनवलेला नव्हता! असं बघितल्यावर कुठल्या चष्मेवाल्याची नजर जागेवर राहील? तेवढ्यात दांड्यावर धाडकन आवाज झाला, त्यांनी गर्रकन वळून बघितलं, तर बाइंडरच्या पोटाशी चेंडू आणि तोंडावर सुतक. ते तोंड बघूनच त्यांनी गोल दिला होता.

‘हे तू तंबूतच बघितलंस?’

‘हो.’

‘मग बोलली का नाहीस?’

‘कुणी विचारलं नाही. सगळे चेंडूच बघत होते. आणि निदान…’

‘डॉक्टर करतात, माहीत आहे.’ चष्मेवाल्यांनी घसा खाकरला. ‘असले जुने फोटो ठेवायचे कशाला? उगीच जागा अडते.’

‘आम्ही पाच वर्षं ठेवतो, बाबा. आणि अध्यक्षांच्या मोबाइलवर पाठवूनही झालाय.’

पुढचे तीन दिवस चष्मेवाले एकच काम पुढे ढकलत राहिले. एकवीस चष्म्यांतले वीस झाले, हेडमास्तरांचा राहिला. त्या म्हाताऱ्याच्या डोळ्यांवर तीस वर्षांची शिट्टी टांगलेली होती. शुक्रवारी संध्याकाळी त्यांचा हात भिंगांच्या खणाकडे गेला आणि शेजारच्या खणावर जाऊन थांबला. एक नंबर इकडे-तिकडे. मास्तरांना वर्तमानपत्र वाचता आलं असतं, जिना उतरता आला असता. फक्त फोटोच्या कोपऱ्यातला माणूस तेवढा धुरकट राहिला असता.

‘काय शोधताय?’ बायकोने विचारलं.

‘काही नाही,’ चष्मेवाले म्हणाले आणि तो खण असा काही आपटून बंद केला, की काउंटरवरच्या सगळ्या फ्रेमा हलल्या. चुकीचा चष्मा? या दुकानातून? मग त्यांनी हेडमास्तरांचा चष्मा बनवला. इतका काळजीपूर्वक, इतका चोख, की तसा चष्मा त्यांनी उभ्या आयुष्यात बनवला नव्हता. बनवताना ते सगळ्या जगावर चिडलेले होते.

शनिवारी दहाला दुकान भरलं. बाइंडर होता, भट्टीवाला होता, अर्धी समिती होती. हेडमास्तरांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि भिंतीवरच्या तक्त्याची शेवटची ओळ एका दमात वाचली.

‘अहाहा,’ ते म्हणाले. ‘चष्मेवाले, तुम्ही मला नवे डोळे दिलेत.’ आणि त्यांनी खिशातून मोबाइल काढला.

ते बघत राहिले. बाइंडर नखं खात राहिला.

‘गोल आहे,’ हेडमास्तर म्हणाले. ‘अगदी स्वच्छ गोल आहे. बेकरी जिंकली.’ भट्टीवाल्याने बाइंडरला मिठी मारली. चष्मेवाल्यांनी रोखलेला श्वास सोडला. पण हेडमास्तरांनी मोबाइल खाली ठेवला नव्हता. त्यांनी तो जवळ नेला, लांब नेला, चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. मग चष्मेवाल्यांकडे बघितलं. त्या नजरेत राग नव्हता, उलट फार वाईट वाटत होतं त्यांना.

‘चष्म्यात काहीतरी गडबड झालेली दिसते,’ ते हलक्या आवाजात म्हणाले. ‘एखादं भिंग उलटं बसलं असेल. होतं कधी कधी. मला इथे पंच पाठमोरा दिसतोय.’

हेडमास्तरांनी सुटकेचं दार उघडून धरलं होतं. चष्मेवाल्यांनी फक्त ‘हो, बसलं असेल’ म्हणायचं होतं. बायको वहीतून मान वर करून बघत होती.

चष्मेवाल्यांचे कान लाल झाले.

‘भिंग उलटं? माझ्या दुकानात?’ त्यांनी हेडमास्तरांच्या नाकावरचा चष्मा उतरवला, उजेडात धरला आणि परत त्यांच्या नाकावर बसवला. ‘चष्मा शंभर टक्के बरोबर आहे, मास्तर. पंच पाठमोराच होता.’

त्यांनी खिशातून शिट्टी काढून काउंटरवर ठेवली. जरा जोरातच ठेवली.

‘अहो, पण मग,’ हेडमास्तर चक्रावून म्हणाले, ‘तुम्ही गोल दिलात कसा?’

‘न बघता!’ चष्मेवाले म्हणाले. ‘आणि बरोबर दिला. आता तुमच्या कॅमेऱ्याला हे जमतं का, ते विचारा.’