दर्शनी सलाईन

मी, तानुबाई, राहणार वडनेर भोलजी, शिक्षण तिसरी (दोनदा), चैत्रातल्या एका लग्नात ऊन लागून चक्कर आली आणि तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात भरती झाले. इथपर्यंत सगळं रीतसर होतं.

डॉक्टर मयुरीबाईंनी नाडी पाहिली, जीभ पाहिली आणि हातात मीठ-साखरेच्या पाण्याचा पेला दिला.

"सलाईन?" मी विचारलं.

"गरज नाही आजी. तोंडानं पाणी जातंय ना? आता आपला दवाखाना हरित झालाय. एका सलाईनमागे बाटली, नळी, सुई, पिशवी, केवढा कचरा निघतो."

"पाणी तं म्या घरीबी पेलं असतं, बाई. त्याच्यासाठी जीप कायले केली?"

प्रश्न अब्रूचा होता. चार वाजता रोहिणखेडहून माझ्या लेकीची सासू कौशल्याबाई भेटायला येणार होती. मागच्या साली तिला ताप आला तेव्हा तीन सलाईन लागल्या. मी स्वतः मोजल्या. तिच्यापुढे मी पेला घेऊन बसू? आमच्याकडे दुखणं बाटल्यांवर ठरतं. बिनबाटलीच्या माणसाला कामचुकार म्हणतात. सून सुचिताला तसं मीच म्हणाले आहे.

मी पेला पालथा घातला आणि तोंड मिटलं. उपचार ठप्प झाले.

दवाखान्याची समिती बसली. तासाभरात ठराव झाला: रुग्णांची सामाजिक गरज लक्षात घेता वॉर्डात एक दर्शनी सलाईन ठेवण्यात यावी. मुदत संपलेली बाटली टांगावी, नळी मनगटाला चिकटपट्टीनं लावावी, सुई टोचू नये. भेटीच्या वेळेत प्रत्येकी वीस मिनिटं. आधी नाव देणाऱ्यास प्राधान्य.

तीन वाजेपर्यंत यादीत सतरा नावं चढली. त्यातले दोघं नुसते डबा द्यायला आले होते. एका बाटलीत सतरा रुग्ण समाधानी! मग सलाईनचे एवढे स्टँड हवेत कशाला? एक सोडून बाकीचे गोदामात कुलूपबंद झाले आणि चावीवाला लग्नाला गेला.

चारला पाच कमी असताना माझी पाळी आली. पट्टी लागली. मी डोळे अर्धे मिटले, कण्हून पाहिलं, आवाज बरा लागला.

तेवढ्यात कांदे काढणाऱ्या रेणुकाला चौघींनी उचलून आणलं. सकाळपासून ओकाऱ्या, पोटात थेंब ठरेना, ओठ पांढरेफटक. नर्स करिष्मा खरी बाटली घेऊन धावत आली.

"आजी, स्टँड सोडा, लौकर!"

"देतो न बाई. पाच मिनिटं थांब, विहीण फाटकात उतरून राह्यली."

हे वाक्य माझंच. खोडलं असतं, पण सोळा साक्षीदार आहेत.

करिष्मा थांबली नाही. तिनं रेणुकाला सुई लावली आणि दारातून आत आलेल्या पहिल्या बाईच्या हातात बाटली देऊन "वर धरा" म्हणाली. ती पहिली बाई म्हणजे कौशल्याबाई. अर्धा तास ती माझ्याकडे पाठ करून, हात उंच करून उभी. रेणुकानं डोळे उघडले तेव्हा सगळा वॉर्ड तिच्या खाटेभोवती जमला. माझ्या खाटेशी मी आणि माझी दर्शनी बाटली.

शेवटी विहीणबाई वळल्या. आधी माझ्याकडे नाही, बाटलीकडे पाहिलं.

"काऊन हो विहीणबाई, तुमची तं थेंबभर उतरली नाई! त्या पोरीची अर्धी सरली. इथं तुमच्याकडे कोणाचं ध्यानच नाई." आणि माझ्या लेकाला म्हणाल्या, "निवृत्तीभाऊ, पाह्यता काय? मायले चांगल्या दवाखान्यात न्या!"

डॉक्टरबाई मागून ओरडत होत्या, "अहो, त्या बऱ्या आहेत!" एवढा अपमान कोण ऐकून घेतो?

रात्रीपर्यंत एका खासगी दवाखान्यात मला चार खऱ्या सलाईन लागल्या. तीन बरोबरीच्या, एक वरचढ. चारही रिकाम्या बाटल्या मागच्या नाल्यात गेल्या आणि मला तात्काळ आराम पडला.

हसा, म्हातारी अडाणी आहे. एक सांगा फक्त. उद्या तुमच्या आईला तपासून डॉक्टर म्हणाले, "काही झालेलं नाही, पाणी पाजा, घरी न्या," तर तुम्ही गाडी घराकडे वळवाल? की पार्किंगमध्येच मोबाईल काढून दुसरा, चांगला डॉक्टर शोधाल?