वाइनबरोबर मासा

रविवारी साहेब जेवायला येणार म्हणून तात्यांनी सकाळपासून दोनदा दाढी केली. बावीस वर्षं ते कंपनीचं गोदाम सांभाळत होते, पण आजवर एकही साहेब त्यांचा जिना चढला नव्हता.

"बढतीच असणार," ते बायकोला म्हणाले. "पोर्तुगालची लाल वाइन आणतायत. तू फक्त मटण भाज. तिच्याबरोबर तेच लागतं म्हणे."

मटणाच्या दुकानाला कुलूप होतं, मालकाची आई वारली होती. दुसरं दुकान पुलापलीकडे. बायकोने वाटेत मिळाला तो मासा घेतला.

साहेब आले ते सुतकी चेहऱ्याने. मुख्य कचेरीने एक माणूस कमी करायला सांगितलं होतं आणि साहेबांनी तात्यांचं नाव कळवलं होतं. माणूस पोटभर जेवला, वर दोन घोट घेतले, की वाईट बातमी सोसते, असं त्यांचं मत होतं.

"तीन द्राक्षांचं मिश्रण आहे," बाटली उघडत ते म्हणाले. "तुरिगा नासिओनाल, तुरिगा फ्रांका आणि तिंता रोरीझ. मटण झालं?"

"मासा केलाय," बायको म्हणाली.

"अरेरे! वहिनी, हिच्याबरोबर मासा खाल्ला की तोंडाला लोखंडाची चव येते."

"मग आधी मासा खा, ती मागनं घ्या."

पण साहेबांना धीर हवा होता. घासामागे घोट, घोटामागे घास असं चाललं होतं आणि सगळं लक्ष पहिलं वाक्य जुळवण्यात.

"तात्या," शेवटी ते म्हणाले, "बावीस वर्षं तुम्ही..." आणि थांबले. त्यांनी गळा धरला.

तात्यांचेही डोळे पाणावले. "साहेबांना भरून आलंय गं."

"भरून कसलं येतंय! निळे पडलेत ते. काटा अडकलाय!"

तात्यांनी पाठीत गुद्दे घातले. मग पावाचा गोळा गिळायला लावला, त्याने काटा आणखी खाली जाऊन रुतला. टॅक्सीत घालून दवाखाना गाठेपर्यंत साहेबांच्या शर्टावर वाइन कुठली आणि रक्त कुठलं, ते ओळखू येईना.

डॉक्टरांनी काटा काढला. "अन्ननलिकेला जखम आहे. आठ दिवस इथंच राहायचं आणि एक शब्द बोलायचा नाही. घरचं कोणी आहे?"

साहेबांनी नकारार्थी मान हलवली. मग खुणेने कागद मागून लिहिलं, 'उद्यापासून येऊ नका.'

तात्यांनी ते दोनदा वाचलं. "असं कसं साहेब? तुमचं कोणी नाही म्हणता आणि मी येऊ नको? रोज येणार. दोन्ही वेळा."

साहेबांनी पुन्हा पेन उचललं, तेवढ्यात नर्सने तोच हात धरून सलाईनची सुई टोचली.

तात्या रोज आले. सकाळी साहेबांची दाढी करायची, दिवसभर गोदाम बघायचं, संध्याकाळी पाय दाबायचे. चौथ्या दिवशी साहेब हुंदके देऊन रडले. दुखत असेल म्हणून तात्यांनी डॉक्टरांकडून आणखी एक इंजेक्शन देववलं. सहाव्या दिवसापासून बायको पातळ सूप करून देऊ लागली.

आठव्या दिवशी दुपारी मुख्य कचेरीचा फोन आला.

"एक माणूस कमी करायचा होता. तुमचं नाव आलं होतं. पण गेला आठवडा साहेब नाहीत, तरी काही अडलं नाही. तेव्हा त्यांनाच कमी केलंय. तुम्ही रोज जाताच, तर तेवढं सांगून टाका."

तात्यांनी फोन ठेवला. मग डबा घेऊन निघाले.

साहेब उशीला टेकून बसले होते. डॉक्टरांनी नुकतीच बोलायची परवानगी दिली होती.

"तात्या," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले, "मी तुम्हाला काढणार होतो. नाही काढणार आता. उद्याच वर कळवतो, की हा माणूस मला हवाय."

तात्यांनी डबा टेबलावर ठेवला.

"अहो, कचेरीची काय खबर?"

तात्यांनी डब्याचं झाकण उघडलं, वाटीत सूप ओतलं आणि चमचा साहेबांच्या हातात दिला.

"आधी पोटभर प्या साहेब," ते म्हणाले. "मग बोलू."